ताक न मिळणारा डोंगर : सोलापूरहून आखलेल्या एका चढाईचं प्रकरण

प्रकरणातली माणसं चार. काका, वय ६१, बँकेतून निवृत्त, रक्तदाबाची गोळी चालू. काकू ५७ वर्षांच्या, उजवा गुडघा उतारावर कुरकुरतो. दोघंही पक्के सोलापूरकर. लेक आणि जावई अमेरिकेत, डॅलस शहराच्या बाहेर राहतात. नोव्हेंबरात काका-काकू तिकडे जाणार होते आणि जावयांनी एक बेत धरला होता: टेक्सास राज्यातलं सगळ्यांत उंच शिखर, ग्वाडालुपे पीक, चौघांनी मिळून एका दिवसात चढून उतरायचं. आखणी माझ्याकडे आली. सोलापुरातून सह्याद्रीत माणसं न्यायचं काम मी बरीच वर्षं करते आणि काका त्यातले जुने भिडू. नावं इथे मुद्दाम देत नाही.

आखणी सोलापुरात बसून झाली, डोंगर साधारण साडेचौदा हजार किलोमीटरवर. पण खरी अडचण अंतराची नव्हती. काकांच्या डोंगरातल्या सगळ्या सवयी काळ्या दगडावर घडलेल्या होत्या आणि जायचं होतं चुनखडीवर.

जावयांचा पहिला बेत

शुक्रवारी ऑफिस सुटलं की डॅलसहून निघायचं, रात्रभर गाडी हाणायची, पहाटे पायथ्याला पोचून तसंच चढायला लागायचं, संध्याकाळी उतरून परत. डॅलसपासून पायथा जवळजवळ आठशे किलोमीटर, म्हणजे न थांबता साडेसात-आठ तास. पुण्या-मुंबईची पोरं रात्रीची एसटी पकडून पहाटे भंडारदऱ्याला उतरतात त्यातलाच हा प्रकार, आणि तिशीतल्या माणसाला तो जमतोही. साठीतल्या माणसाला रात्रभर जागवून दिवसभर चढवणं आणि पुन्हा त्याच दमलेल्या जावयाच्या हातात स्टिअरिंग देणं, हे मी पहिल्याच फोनवर खोडून काढलं. जावई म्हणाले, "मग दोन दिवस रजा टाकावी लागेल." म्हटलं, तीन टाका. तिसरा दिवस का, ते पुढे येईलच.

आकडे असे. शिखराची उंची २,६६७ मीटर. जाऊन-येऊन वाट साधारण साडेतेरा किलोमीटर, चढ ९०० मीटरच्या थोडा वर. शिखर ग्वाडालुपे माउंटन्स राष्ट्रीय उद्यानात येतं, तिथले उद्यानवाले सहा ते आठ तास सांगतात. पाइन स्प्रिंग्ज नावाच्या ठिकाणी, जिथे गाडी लावून वाट सुरू होते, तिथलीच उंची १,७५० मीटरच्या आसपास आहे. कळसूबाईचा माथा १,६४६ मीटर. म्हणजे आपल्या राज्यातलं सर्वोच्च शिखर जिथे संपतं, त्याच्याही वरून ही चढाई सुरू होते. माथ्यावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या पाऊणपटीवर येतो. एवढ्या उंचीने निरोगी माणूस सहसा आजारी पडत नाही, पण सोलापूरसारख्या साडेचारशे-पावणेपाचशे मीटरवरच्या गावातून गेलेल्या माणसाला दम लवकर लागतो आणि त्याला वाटतं, आपला सराव कमी पडला.

काकांना हे आकडे पाठवले तेव्हा त्यांचं उत्तर आलं: "म्हणजे कळसूबाईएवढाच चढ की! बारीतून चढलोय मी." चढाच्या बाबतीत ते बरोबरच होते. घोळ पाण्यात होता.

दगड

आपला सह्याद्री लाव्हाचा, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. बेसाल्टचे थरावर थर. अखंड काळा पाषाण पाणी सहज आत घेत नाही, म्हणूनच जुन्या लोकांना गडागडावर टाकी खोदता आली आणि ती उन्हाळ्यातही पाणी धरून राहिली. दोन थरांच्या सांध्यातून झरे पाझरतात. आपण पिढ्यान्‌पिढ्या "वर टाकं आहे" या भरवशावर चढत आलो. सिंहगडावर तर देवटाक्याचं पाणी पिण्यासाठीच जाणारी माणसं आहेत.

ग्वाडालुपेचा डोंगर एकेकाळी समुद्रातला बांध होता. २६-२७ कोटी वर्षांपूर्वी तिथे उथळ उबदार समुद्र होता, त्याच्या कडेने स्पंज, शेवाळं आणि इतर जीवांनी चुन्याचा लांबलचक बांध उभा केला. समुद्र आटला, बांध गाळाखाली गाडला गेला आणि फार नंतर जमीन उचलली गेली तेव्हा उघडा पडला. त्याला कॅपिटन रीफ म्हणतात. जगभरचे भूवैज्ञानिक तो बघायला येतात, कारण एवढा सलग प्राचीन बांध कोरड्या जमिनीवर, वरपासून खालपर्यंत उघडा सहसा बघायला मिळत नाही.

चुनखडी कशी वागते हे समजवायला काकूंना टेक्सासपर्यंत न्यावं लागलं नाही. त्यांच्या स्वयंपाकघरात शहाबादी फरशी आहे. शहाबाद आपल्या वाडी-गुलबर्गा लाइनवरचं, आणि ती फरशी चुनखडीच. ओट्याजवळ लिंबू पिळताना थेंब सांडून राहिला की सकाळी तिथे पांढुरका, खरबरीत डाग पडलेला असतो, घासून जात नाही. काकूंनी पाय लावून मला दाखवलासुद्धा: "हा बघ, संक्रांतीच्या वेळचा. चिंचेचा कोळ सांडला होता." डाग वर लागलेला नसतो, तिथली फरशीच विरघळलेली असते. पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आंबट होतं आणि चुनखडीच्या भेगा लाखो वर्षं तशाच खात राहतं. भेगा रुंदावतात, पाणी वर थांबतच नाही, सरळ पोटात जातं.

त्याच कॅपिटन रीफच्या पोटात, पलीकडे न्यू मेक्सिकोत, कार्ल्सबाड कॅव्हर्न्स नावाच्या प्रचंड गुहा आहेत. तिथली कहाणी आणखी वेगळी. खालच्या तेलसाठ्यांतून वर आलेल्या हायड्रोजन सल्फाइडपासून गंधकाम्ल तयार झालं आणि त्याने दगड पोखरला. एवढ्या मोठ्या पोकळ्या ज्या दगडात होतात त्याच्या माथ्यावर पाण्याचं टाकं कुठून मिळणार? ग्वाडालुपे शिखराच्या वाटेवर पाण्याचा एक थेंबही नाही. झरा नाही, नळ नाही, दुकान नाही. पाणी पायथ्याला भरायचं आणि तेच उतरेपर्यंत पुरवायचं.

पाण्यावरून सगळं

उद्यानवाल्यांचा आकडा आहे माणशी दिवसाला एक गॅलन, म्हणजे ३.८ लिटर. मी ४ धरले. काकांचं म्हणणं: "अगं, थंडीत कोण पितंय चार लिटर! सिंहगड मी अर्ध्या लिटरवर करून येतो." येतातच. पण त्यात आतकरवाडीच्या वाटेवरचं ताक, लिंबू सरबत आणि वरचं दही ते मोजत नाहीत.

शिवाय थंडीचा मुद्दा उलटा आहे. तिथली हवा वाळवंटी, कोरडी. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये घाम अंगावर दिसतो, शर्ट ओला होतो, माणूस आपोआप पाणी पितो. कोरड्या थंड वाऱ्यात घाम दिसायच्या आत उडून जातो आणि तहान लागत नाही. दम लागून तोंडाने श्वास घेतला की त्यातूनही पाणी जातं. त्यात काकांच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध मिसळलेलं होतं. चढाईच्या दिवशी गोळी कधी घ्यायची हे त्यांच्या डॉक्टरांना विचारायला लावलं. डॉक्टरांनी काय सांगितलं ते इथे लिहीत नाही, ज्याने त्याने आपल्या डॉक्टरांनाच विचारावं. पण हा प्रश्न विचारायचा असतो हेच बऱ्याच जणांना ठाऊक नसतं.

चार लिटर म्हणजे चार किलो. चौघांचे सोळा. वर डबा, वाऱ्याचं जॅकेट, टोपी, टॉर्च, औषधं धरली की काकांच्या पाठीवर सात किलो. सात किलो घेऊन ९०० मीटर चढणं आणि रिकाम्या हाताने ९०० मीटर चढणं यांत वयाच्या साठीनंतर दीड तासाचा फरक मी धरते. म्हणून उद्यानाचे सहा-आठ तास बाजूला ठेवून मी साडेनऊ तास धरले. नोव्हेंबरच्या मध्यावर तिथे सूर्य साडेसहाच्या सुमारास उगवतो आणि पाचला मावळतो. साडेदहा तासांच्या उजेडात साडेनऊ तासांचं काम, म्हणजे उजाडताच निघायला हवं. उजाडताच निघायचं तर आदल्या रात्री मुक्काम जवळ हवा. जावयांना हळूहळू पटत गेलं की तीन दिवसांची रजा माझ्या हौसेपोटी मागितलेली नव्हती.

पाण्याची वाटणीही आधीच ठरवली: माथ्यापर्यंत दोन लिटर, उतरताना दीड, अर्धा लिटर हात न लावता राखीव. दोन लिटर माथ्याच्या आधीच संपले तर जिथे असाल तिथून मागे फिरायचं. नुसतं पाणीही पोटात ढोसायचं नाही, दर बाटलीआड ओआरएस.

डब्यावरून मजा झाली. काकूंनी कडक भाकरी आणि शेंगा चटणी धरली होती. सोलापूरकराचा प्रवास दुसऱ्या कशावर होत नाही, आणि महिनाभर टिकणाऱ्या भाकरीसारखं सोयीचं अन्न नाही हे मलाही मान्य. पण कोरड्या तोंडाने कडक भाकरी चावायची म्हणजे प्रत्येक घासाला घोट लागणार, वर चटणीने तहान. जिथे घोट मोजून प्यायचाय तिथे हे महाग पडतं. मी दशम्या सुचवल्या, दुधा-गुळातल्या मऊ. त्या दोन-तीन दिवस सहज राहतात आणि पाण्याशिवाय गिळता येतात. भाकरी-चटणी मुक्कामावर खायला नेली.

घड्याळ

टेक्सासचा बहुतेक भाग सेंट्रल वेळेवर चालतो, डॅलसही. पश्चिम टोकाचा एल पासोकडचा भाग माउंटन वेळेवर, एक तास मागे. उद्यान याच सांध्यावर येतं आणि तिथले व्यवहार माउंटन वेळेने चालतात. मोबाइल मात्र जो टॉवर मिळेल त्याची वेळ दाखवतो, वाटेवर चालताना पुढे-मागे उड्या मारतो. जिथे परत फिरायची वेळ हा सुरक्षेचा मुख्य नियम आहे, तिथे घड्याळाने असं वागणं परवडत नाही.

उपाय साधा. काकांचं जुनं एचएमटी, चावी देऊन चालणारं. मुक्कामावर माउंटन वेळ लावायची आणि दिवसभर वेळ फक्त त्या घड्याळात बघायची. परत फिरायची वेळ साडेबारा. माथा समोर दिसत असला तरी साडेबारा.

जाताना कळवायचं डॅलसमधल्या एका मित्राला: माउंटन वेळेने संध्याकाळी सातपर्यंत फोन आला नाही तर ९११, म्हणजे तिथला आणीबाणीचा नंबर. त्याच क्षणी सोलापुरात सकाळचे साडेसात वाजलेले असतात, त्यामुळे दुसरी पाळी माझी. वाटेवर रेंजचा भरवसा नाही, तेव्हा "वरून फोन करतो" असं कुणी कुणाला सांगायचं नाही असंही ठरवलं. तसा फोन आला नाही की खालच्यांचा जीव उगीच टांगणीला लागतो.

पेट्रोलचं एक वाक्य: पायथ्याच्या दोन्ही बाजूंना पन्नासेक किलोमीटर पंप नाही, टाकी आधी भरा. खाण्याचंही तेच.

सोलापुरातला सराव

सपाट गावात चढाचा सराव कसा करायचा, हे आमच्या गटाचं जुनंच दुखणं. तुळजापूरचा घाट आहे, रामलिंगची दरी आहे, पण बालाघाटचे चढ संपतात कधी ते कळत नाही. मजले मोजणं हाच उपाय उरतो. एक मजला साधारण तीन मीटर, म्हणजे ९०० मीटरला ३०० मजले. काकांनी नातेवाइकांच्या सात मजली इमारतीचा जिना धरला. आधी रिकाम्या हाताने, मग पाठीवर पाण्याच्या बाटल्या घेऊन. ऑक्टोबरपर्यंत एका बैठकीत शंभर मजल्यांवर आले. लिफ्टने खाली यायचं नाही, ही अट काकूंसाठी जास्त महत्त्वाची होती, कारण त्यांचा गुडघा चढताना गप्प असतो. काकू पन्नासवर थांबल्या आणि दोन काठ्या घेऊन उतरायला शिकल्या. जिन्यात काठ्या घेऊन उतरणाऱ्या बाई बघून वॉचमनने चौकशी केली ती केलीच.

मग एका रविवारी हुतात्मा एक्स्प्रेसने पुणे आणि तिथून सिंहगड. मुद्दाम पहाटेची वेळ टाळली, उन्हात चढायचं होतं. आतकरवाडीतून सहाशे मीटरच्या आसपासचा चढ, पाठीवर चार लिटर, आणि एक नियम: वाटेत काहीही विकत घ्यायचं नाही. तिसऱ्या वळणावर ताकवाल्या मावशींनी हाक मारली, मडक्यावर ओला फडका, वर कोथिंबीर. काका थांबले. माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली नाही. "अगं, सराव म्हणजे काय उपास आहे का?" म्हणाले आणि पुढे निघाले. वर पोचेपर्यंत दीड लिटर संपलं होतं. सिंहगडाची जी "अर्धा लिटर" ही पाटी त्यांच्या डोक्यात इतकी वर्षं होती ती त्या दिवशी पुसली गेली. उतरताना बाकीचं संपलं, आणि पायथ्याला त्यांनी सलग तीन ग्लास ताक प्यायलं. चार लिटरवर पुन्हा वाद झाला नाही.

बुटांचं थोडक्यात. चुनखडीची धार करकरीत असते, झिजलेला तळ फाडते. उतारावर तिचा चुरा गोट्यांसारखा पायाखालून निसटतो. ओली झाली तर मोरीतल्या शहाबादीवर पाय सरकतो तसा सरकतो. काकांचे जुने बूट वरून शाबूत होते पण तळव्याची नक्षी गेलेली. नवे घेतले आणि जिन्यातच मऊ केले. फिकट दगडावरून ऊन डोळ्यांवर येतं म्हणून गॉगल सगळ्यांना.

कपड्यांवरून मात्र खरी लढाई झाली. सुती गावातल्या माणसाला सुती नको सांगणं म्हणजे पंढरपूरकराला बुक्का नको म्हणण्यासारखं. पण तिथे नोव्हेंबरात दिवसा १५-१६ अंश, रात्री तीन-चार, आणि वारा. घामाने भिजलेला सुती बनियन वाऱ्यात अंगाला बर्फासारखा चिकटतो. ४४ अंश सहज काढणाऱ्या सोलापूरकराला थंडीचा अंदाज नसतो, हे मी हरिश्चंद्रगडावर अनेकांच्या बाबतीत बघितलंय. शेवटी काकांनी चटकन वाळणारा टीशर्ट, त्यावर स्वेटर, त्यावर वाऱ्याचं जॅकेट हे मान्य केलं. खिशातला सुती पंचा मात्र सोबत गेलाच.

कोण कुठपर्यंत

वाटेचे तीन भाग पडतात. पहिले सव्वादोन-अडीच किलोमीटर सगळ्यांत खडे. नागमोडी वळणं, उघडी दक्षिण बाजू, निवडुंग आणि घायपातीच्या जातीची काटेरी झुडपं. त्यानंतर वाट कड्याच्या कुशीतून वळून उत्तरेकडच्या उतारावर जाते, तिथे पाइनची झाडं, सावली, चढ सौम्य. पाच किलोमीटरच्या जवळपास एक खोटा माथा येतो. खालून बघणाऱ्याला तोच शिखर वाटतो. त्याच्यापुढे तंबूची जागा, एक लाकडी पूल, आणि पुलानंतर पुन्हा उघड्यावरचा चढ.

जावयांचा आग्रह चौघांनी मिळून माथा गाठायचा होता. फोटो तसाच हवा होता बहुधा. काकूंच्या गुडघ्याला ९०० मीटरचा उतार झेपेल असं मला वाटत नव्हतं आणि त्यांनाही वाटत नव्हतं. फक्त जावयांसमोर त्या बोलत नव्हत्या. मग मी फोनवर सगळ्यांसमोर विचारलं, "काकू, तुम्हाला कुठपर्यंत जावंसं वाटतं?" त्या म्हणाल्या, "जिथे झाडी लागते म्हणतेस तिथपर्यंत. सावलीत बसून दशमी खाईन आणि येईन खाली." ठरलं. काकू आणि लेक कड्याच्या वळणावरून परत, काका आणि जावई पुढे. चार माणसांचे दोन जोड, एकटं कुणी नाही. हा निर्णय सोलापुरात, खुर्चीत बसून झाला याला मी फार किंमत देते. डोंगरावर तो झाला असता तर काकू "चालतंय की, जाऊ अजून थोडं" म्हणत खोट्या माथ्यापर्यंत गेल्या असत्या.

राहिला तिसरा दिवस. ग्वाडालुपेचा वारा बदनाम आहे. हिवाळ्यात आणि वसंतात शिखराच्या बाजूला ताशी १३० किलोमीटरचे झोत नवलाचे नाहीत. उघड्या वळणांवर असा झोत काठी धरलेल्या माणसाला बाजूला ढकलतो. नोव्हेंबर त्यामानाने बरा, पण भरवसा नाही. म्हणून चढाईसाठी लागोपाठ दोन दिवस मोकळे ठेवले आणि वाऱ्याच्या दिवसासाठी दुसरी वाट: मॅककिट्रिक कॅन्यन. त्याच उद्यानातली दरी, वाट जवळजवळ सपाट, प्रॅट केबिनपर्यंत जाऊन-येऊन पावणेआठ किलोमीटर. वॉलेस प्रॅट हे तेल कंपनीतले भूवैज्ञानिक, या दरीतली आपली हजारो एकर जमीन त्यांनी सरकारला दान केली. त्यातून पुढे १९७२ साली हे राष्ट्रीय उद्यान उभं राहिलं.

प्रत्यक्षात

काका-काकू तिकडे पोचले, दोन आठवडे झोपेचं गणित बसवण्यात घालवले. सोलापूर आणि डॅलसमध्ये साडेअकरा तासांचा फरक, त्यामुळे पहिल्या आठवड्यात चढाई नको हे ठरलेलंच होतं. नोव्हेंबरच्या मध्यावर कार्ल्सबाड गावी मुक्काम टाकला, पायथ्यापासून ९० किलोमीटरवर.

पहिल्या दिवशी हवामान खात्याने माथ्यावर ताशी नव्वद किलोमीटरच्या पुढचे झोत सांगितले. आकाश निळंशार, खाली झाडाचं पान हलत नव्हतं. काका म्हणाले, "कुठाय वारा?" जावयांनी अंदाज दाखवला आणि गाडी मॅककिट्रिककडे वळवली. मला विचाराल तर अख्ख्या सहलीतला हा सगळ्यांत चांगला निर्णय. मेपलची पानं गळून गेली होती, पण ओढा वाहत होता. काकांनी मला फोटो पाठवला: "पाणी आहे की!" खाली काकूंचा निरोप होता की शंभर पावलांवर तोच ओढा गोट्यांत शिरून नाहीसा झाला आणि पुढे परत वर आला. एवढ्या कोरड्या डोंगरात बारमाही ओढा फार दुर्मीळ, आणि तोही असा लपाछपी खेळतो.

दुसऱ्या दिवशी वारा पडला. पावणेसातला वाट धरली. काकू आणि लेक पावणेनऊला कड्याच्या वळणावर पोचल्या, दशम्या खाल्ल्या आणि काठ्या टेकत अकराच्या आत खाली. काकूंनी चारातले अडीच लिटर वापरले. गुडघा रात्री थोडा सुजला, सकाळी उतरला.

काका आणि जावई खोट्या माथ्यावर अकराच्या आसपास. काकांना आधी सांगून ठेवलं होतं, तरी "झालं" असं त्यांच्या तोंडून निघालंच. पूल ओलांडला आणि उघडा चढ सुरू झाला. माथ्याच्या थोडं खाली जावयांनी वेळ बघायला मोबाइल काढला. एक वाजून पाच मिनिटं. साडेबाराची वेळ उलटून गेली होती. जावई शिस्तीचे, लगेच थांबले: "बाबा, वळू या. वेळ संपली." काकांनी बाही वर केली. एचएमटीत बारा वाजून पाच. मोबाइलने कुठला तरी सेंट्रलचा टॉवर पकडला होता. दोघं बारा वीसला माथ्यावर होते.

ही चूक बरोबर बाजूला झाली एवढंच. मोबाइलने उलट वेळ दाखवली असती, एक तास मागची, तर ते दीडपर्यंत चढत राहिले असते आणि पाचच्या अंधाराने उतारावर गाठलं असतं.

माथ्यावर १९५८ साली उभा केलेला पोलादी त्रिकोणी स्तंभ आहे. खाली एल कॅपिटनचा कडा, पश्चिमेला मिठाची पांढरी मैदानं. थोडं थांबून उतरायला लागले. उतार लांबला. गोट्यांच्या चुऱ्यावर काका दोनदा बसले, एकदा हाताचा तळवा खरचटला. शेवटच्या किलोमीटरला त्यांचा राखीव अर्धा लिटरही संपला आणि जावयांच्या बाटलीतून घ्यावं लागलं. चार वाजून दहाला गाडीपाशी. सगळे मिळून नऊ तास पंचवीस मिनिटं.

हिशोब बघता काकांना साडेचार लिटर लागलं, थंडीच्या दिवसात. उद्यानाचा आकडा तरुण, चपळ माणसालाही कमीत कमी म्हणूनच घ्यावा. साठीत, हळू चालणाऱ्याला वाटेवर तास जास्त लागतात आणि तेवढ्या तासांचं पाणी जास्त लागतं. पुढच्या वेळी जावयांच्या पाठीवर जादा लिटर काकांच्या नावाचं. दुसरं, काकूंसाठी जागा ठरवली होती, वेळ नव्हती ठरवली. त्या वेळेत पोचल्या म्हणून प्रश्न आला नाही, पण तीच वळणं चढायला तीन तास लागले असते तर मग काय, याचं उत्तर आराखड्यात नव्हतं. आता जागा आणि वेळ दोन्ही, जे आधी येईल ते.

तिसऱ्या दिवशी सगळे लिफ्टने कार्ल्सबाडच्या गुहेत उतरले, सव्वादोनशे मीटर खाली. काकूंना शिखरापेक्षा ते जास्त आवडलं.

जावयांनी आता त्याच उद्यानात मुक्कामाची चढाई मार्चमध्ये धरली आहे, कारण तेव्हा त्यांना सुट्टी आहे. मार्च म्हणजे वाऱ्याचा भर हंगाम, आणि मुक्काम म्हणजे दोन दिवसांचं पाणी पाठीवर, माणशी आठ किलो. मी ऑक्टोबर कळवलाय. काकांनी जिना पुन्हा सुरू केलाय.